विचारा बिनधास्त: गार पाणी, मैत्रिणी आणि घड्याळ

ब्रिटन-आयर्लंडमधल्या मराठी बायका हिवाळ्यात तळ्यात नि समुद्रात उतरतात, एवढा उल्लेख मागच्या अंकात काय आला, पत्रांचा पाऊस पडला. ‘वेड लागलंय का?’ इथपासून ‘आम्हालाही यायचंय’ इथपर्यंत. त्यांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

ताई, आम्ही तिघी मैत्रिणी, वयं ४६ ते ५२. तिघींनाही स्विमिंग पूलमध्ये बऱ्यापैकी पोहता येतं. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवरच्या लेडीज पाँडमध्ये या नोव्हेंबरात सुरुवात करायचं ठरवतोय. पहिल्या दिवशी किती वेळ थांबायचं आणि नेमकं काय करायचं?
— एक वाचक, उत्तर लंडन

जागा उत्तम निवडलीत. १९२०च्या दशकापासून ते तळं बायकांसाठी राखीव आहे, वर्षभर जीवरक्षक असतात आणि त्या दिवशीचं पाण्याचं तापमान फळ्यावर लिहिलेलं असतं. महिना मात्र चुकलाय. सुरुवात सप्टेंबरात करावी. तेव्हा पाणी १६-१८ अंशांवर असतं आणि दर आठवड्याला थोडं थोडं उतरत जातं, शरीरही त्याच्याबरोबर पायरी पायरीने उतरतं. नोव्हेंबरात तुम्हाला थेट दहाच्या आसपासच्या पाण्याशी गाठ घालावी लागेल. जमणारच नाही असं नाही, पण मग पावलं फार लहान टाकायची.

दुसरी गोष्ट, या तळ्यात शिडी सोडली की पाय टेकत नाहीत. म्हणून पहिल्या तीन-चार खेपा जिथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहता येईल आणि जीवरक्षक असेल अशा ठिकाणी कराव्यात. ते शक्य नसेल तर शिडी धरूनच डुंबायचं, पोहायचं नाही.

पाण्यात शिरल्या शिरल्या काय होतं? कातडीला एकदम गार लागलं की आपोआप एक मोठा आचका बसून श्वास आत ओढला जातो. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतो. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरदार असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्या आचक्याच्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं, तर श्वासाबरोबर पाणी छातीत जातं. पट्टीचे पोहणारेही थंड पाण्यात पहिल्या मिनिटात बुडतात ते यामुळे. अंग गोठण्याची वेळ फार नंतर येते. म्हणून उडी नाही, सूर नाही, पहिल्या दिवशी डोकंही बुडवायचं नाही.

स्विमसूटमध्ये काठावर गप्पा मारत थांबू नका. डोक्याला लोकरीची टोपी, पायांत निओप्रीनचे (पाणबुड्यांच्या पोशाखाच्या रबराचे) बूट, हातांत तसेच मोजे. शिडीकडे तोंड करून उतरा. कमरेपर्यंत पाणी आलं की थांबा. बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तशी लांब फुंकर घालत श्वास सोडा. लक्ष फक्त सोडण्याकडे द्यायचं, श्वास घेणं आपोआप होतं. मग छातीपर्यंत उतरा, पुन्हा थांबा. बाजूच्या मैत्रिणीला एक अख्खं वाक्य न तुटता सांगता आलं, अगदी ‘घरी गेल्यावर कांदेपोहे करू या’ एवढंच, की श्वास ताळ्यावर आला असं समजा. पहिल्या दिवशी एकूण एक ते दोन मिनिटं. पुढच्या खेपेला अर्धं मिनिट वाढवा. आठवड्यातून दोनदा पुरे.

दोन-तीन मिनिटांच्या अशा पाच-सहा बुड्या झाल्या की तो सुरुवातीचा आचका सुमारे निम्म्यावर येतो आणि ही सवय काही महिने टिकते. हा झटका पाणी २५ अंशांच्या खाली गेल्यापासूनच सुरू होतो. त्यामुळे नाशिकला किंवा वाईला पहाटे कार्तिकस्नान करणाऱ्या बायका आठवड्याभराने ‘आता काही वाटत नाही’ म्हणतात, तीही हीच सवय.

खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. सवय झाली ती श्वासाला. अंगातली ऊब पहिल्याइतक्याच वेगाने जात असते. पाणी आपली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढतं आणि त्याला तुमचा अनुभव कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात श्वास शांत, मन खूश, ‘जिंकलं आपण’ असं वाटून लोक दहा-दहा मिनिटं थांबतात आणि तिथेच घोटाळा होतो. तिघींपैकी एकीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं आणि वेळ झाली की ‘निघा’ म्हणायचं. त्यावर वाद नाही.

‘जितके अंश तितकी मिनिटं’ हा नियम काठावर कोणीतरी सांगेलच. १२ अंशांच्या पाण्यात नवख्या माणसाने १२ मिनिटं थांबणं हे फार झालं. सडपातळ बाईला तर निम्मंही जास्त. मुरलेल्यांसाठी ती वरची मर्यादा म्हणून ठीक आहे, गाठायचं लक्ष्य म्हणून नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर पाच-दहा मिनिटं अगदी छान वाटतं. मग अचानक अशी हुडहुडी भरते की दात वाजतात आणि बटणंही लावता येत नाहीत. मैत्रीण म्हणते, सरळ गरम शॉवरखाली उभी राहा. बरोबर आहे का?
— एक वाचक, ब्रायटन

मैत्रिणीचा हेतू चांगला, सल्ला घातक. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. हातपाय आणि कातडी बर्फाच्या पिशवीसारखी गार झालेली असते आणि आतली ऊब तिकडे झिरपत असते. सर्वांत खालचा टप्पा बाहेर आल्यानंतर साधारण दहा ते तीस मिनिटांत येतो. म्हणजे जे छान वाटतं ती तुमची कपडे घालायची मुदत आहे. ती बहुतेक जणी फोटोत घालवतात.

गरम शॉवरने कातडीच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब पडतो आणि माणूस फरशीवर कोसळतो. शिवाय बधिर कातडीला चटका कळत नाही. तासाभराने, कुडकुडणं पूर्ण थांबल्यावर, कोमट पाण्याने अंघोळ करा.

आता कपड्यांचं. उतरण्याआधीच ते ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने रचून ठेवा, सर्वांत आधी लागणारा सर्वांत वर. आतल्या कपड्यांत गरम पाण्याची पिशवी गुंडाळून ठेवली तर काय सुख लागतं ते करून बघा. पायांखाली चटई किंवा जुनी योगा मॅट हवी. ओल्या दगडावर उभं राहिलं की तळव्यांतून ऊब जाते. बाहेर आलात की टोपी ओली असेल तर आधी बदला. मग वरचा ओला कपडा काढा, टिपून घ्या. खसाखसा पुसू नका. बनियन, स्वेटर, जाकीट. त्यानंतर कमरेखालचे कपडे, मोजे, हातमोजे. धड आधी झाकायचं, हातपाय नंतर.

बटणं, हुक, बुटांच्या नाड्या, घट्ट जीन्स हे सगळं घरी ठेवा. आणि सलवार तर नकोच. बोटं बधिर झाल्यावर नाडीची गाठ सुटतही नाही आणि बसतही नाही. मग वाऱ्यात एका हाताने सलवार धरून उभं राहायची पाळी येते. इलॅस्टिकची सैल पँट, डोक्यावरून घालायचा ढगळ स्वेटर, पाय सरकवले की झालं असे बूट. ब्रा घरी जाऊन घाला.

थर्मॉसमधला चहा उकळता नको. थरथरत्या हाताने तो सांडतो आणि भाजल्याचंही कळत नाही. कप अर्धाच भरा. बरोबर काहीतरी गोड ठेवा. शेंगदाण्याची चिक्की किंवा डिंकाचा लाडू या कामाला केकपेक्षा सरस, पण चिक्कीचे तुकडे घरूनच करून आणा. दारू मात्र नको. ऊब आल्यासारखं वाटतं, पण ती ऊब आतून बाहेर चाललेली असते. कुडकुडणं थांबेपर्यंत गाडी चालवायची नाही, या नियमाला अपवाद नाही. पाय क्लचवर आहे की ब्रेकवर, हेच कळत नाही.

तुम्हाला बटणं लावता येत नाहीत याचा अर्थ तुम्ही पाण्यात जास्त थांबताय. पुढच्या खेपेला दोन मिनिटं कमी करा.

डब्लिनजवळ फॉर्टी फुटला आम्ही चौघी दर रविवारी जातो. एक जण बाहेर यायलाच तयार नसते. दुसरी तिच्या नादाने थांबते आणि मग दिवसभर गळून जाते. तिसरीने येणंच बंद केलं. बोलायला गेलं की ‘तू घाबरट’ ऐकावं लागतं. मैत्री टिकवायची की नियम?
— एक वाचक, डन लेअरी

फॉर्टी फुट हा समुद्र आहे. तिथे जीवरक्षकाच्या भरवशावर सोडून द्यावं असं काही नाही. एकमेकींवरच सगळं. (ती जागा आधी पुरुषांची मिरास होती. १९७४ मध्ये बायकांनी जाऊन पाण्यात उतरूनच निषेध नोंदवला. तेव्हा तिथे घाबरट म्हणवून घ्यायचं कारण कोणालाच नाही.)

तुमचा प्रश्न स्वभावाचा कमी आणि शरीराचा जास्त आहे. गार पाण्यात आधी हातपाय निकामी होतात. बोटं वाकडी होतात, एकमेकांना जुळत नाहीत, हाताचा पंजा पसरतो, पोहण्याची लय तुटते, पाय खाली जायला लागतात. त्यानंतर डोकं मंदावतं. मग त्या बाईला आपलं काही बिघडतंय हेच समजत नाही. उलट मस्त वाटत असतं. त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ हे तिचं उत्तर पुरावा म्हणून धरता येत नाही. किती थांबायचं हे पाण्यात असलेलीने ठरवूच नये.

चौघींच्या दोन जोड्या करा. जोडीने आत, जोडीने बाहेर. वेळ काठावर, अंग कोरडं असताना ठरवा, आणि त्या दिवशी ज्या मैत्रिणीला सर्वांत कमी थांबायचं असेल तिच्या मिनिटांवर तिची जोडी बाहेर येईल. रात्री झोप झाली नसेल, ताप येऊन गेला असेल, उपास असेल तर मिनिटं कमी. हे सांगायला कारण द्यावं लागू नये. ‘आज काठावरच बसते’ म्हणणारीकडे कपडे, थर्मॉस आणि फोन. ते काम कमी प्रतीचं नाही. आणीबाणीत तीच ९९९ किंवा ११२ लावून कोस्ट गार्ड मागणार आहे.

पाण्यात दर मिनिटाला दोन चाचण्या घ्या. अंगठा करंगळीला टेकवून दाखव. टेकत नसेल तर त्याच क्षणी बाहेर. आणि काहीतरी बोलायला लाव. ‘कशी आहेस?’ नको, त्याला ‘छान’ हे उत्तर ठरलेलं असतं. ‘काल रात्री काय जेवलीस?’ विचारा. तेराचा पाढा म्हणायला सांगा. (एकोणतिसाचा नको, तो कोरड्या जमिनीवरही अडतो.) जीभ जड होणं, उगाच चिडणं, गप्प होणं, हातातली वस्तू पडणं, पायरीवर अडखळणं, यातलं एक दिसलं तरी निघायचं. आणि कुडकुडत असलेली बाई अचानक कुडकुडायची थांबली, पण अंग गारच असेल, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही. रुग्णवाहिका बोलवा. तोवर तिला आडवं ठेवा, कोरडं करा, गुंडाळा. चोळू नका आणि चालवूही नका.

जी मैत्रीण यायची थांबली, तिला फोन करा. तिच्यासाठी फक्त पायऱ्यांवर कमरेपर्यंत उतरून अर्ध्या मिनिटात परत येणं हीसुद्धा पूर्ण खेप मानायची, हे चौघींच्या देखत ठरू द्या. बहुतेक गट तुटतात ते थंडीने नाही, मिनिटांची हाव सुटल्याने. आणि जिला खरंच अंतर आणि वेळ मोजायची हौस आहे, तिच्यासाठी प्रशिक्षक, डॉक्टर आणि सुरक्षाबोट असलेल्या आईस-स्विमिंगच्या स्पर्धा आहेत. तिथे ५ अंश किंवा त्याहून गार पाण्यात पोहतात. रविवारच्या चहाच्या गटावर ती हौस भागवू नये.

मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, बहिणीला दमा आहे. उतरावं का?
— एक वाचक, ग्लासगो

डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ठोक्यांची अनियमितता, फिट्स, थंडीने अंगावर गांधी उठणं, गरोदरपण, यांत स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ नये. बीटा ब्लॉकर जातीची गोळी असेल तर तिचं नाव मुद्दाम सांगा. दमा असलेलीचा पंप घरी नाही, गाडीतही नाही, काठावरच्या मैत्रिणीच्या खिशात हवा. थंडीत बोटं पांढरीफटक पडत असतील तर ५ मिलिमीटर जाडीचे हातमोजे घाला आणि वेळ निम्मा करा. पोहताना खोकला, छातीत घरघर किंवा गुलाबी फेस आला तर फुप्फुसांत पाणी साचत असू शकतं. बाहेर या आणि थेट दवाखाना गाठा.

सात महिन्यांपूर्वी आई गेली, मला तिथे पोचता आलं नाही. तेव्हापासून काही करावंसं वाटत नाही. मैत्रीण तिच्यासोबत तळ्यावर चल म्हणते, याने डिप्रेशन जातं म्हणते. इन्स्टाग्रामवर डोपामिन हे खुशीचं रसायन अडीचशे टक्के वाढतं असंही वाचलं.
— एक वाचक, लीड्स

आधी तो आकडा. तो २०००साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातला आहे. त्यात तरुण पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत तासभर बसवलं होतं. तुमच्या दोन मिनिटांना तो आकडा लावता येत नाही. नैराश्याबाबत ज्याचा दाखला नेहमी दिला जातो, तो २०१८चा अहवाल एका २४ वर्षांच्या स्त्रीचा आहे. दर आठवड्याला खुल्या थंड पाण्यात पोहायला लागल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिची औषधं सुटली. आशा वाटावी असं आहे, पण ती एकच व्यक्ती. त्यावरून कोणाची गोळी बंद करता येत नाही. चालू असेल तर चालूच ठेवा. नसेल आणि सात महिने असेच गेले असतील, तर जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, भेटा.

तरीही मैत्रिणीबरोबर जा, असंच आम्ही म्हणू. पाणी काय करतं ते पाण्याला माहीत, पण बुधवारी सकाळी साडेसातला कोणीतरी दाराशी गाडी घेऊन उभं असतं ही गोष्ट खरी असते. पाण्यात पहिलं मिनिट श्वासाशिवाय दुसरा विचार करताच येत नाही. मग काठावर बसून कप हातात धरल्यावर, समोर न बघता, शेजारी शेजारी बसून, माणसं जे बोलतात ते जेवणाच्या टेबलावर बोलत नाहीत. आईबद्दल बोलायचं असेल तर तिथे बोला. नसेल तर नका बोलू.

दोन अटी. एकटीने कधीही जायचं नाही, विशेषतः मन फार खालावलेलं असेल त्या दिवशी. आणि उतरावंसं वाटलं नाही तर उतरायचं नाही. मैत्रिणीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती आग्रह धरणार नाही. इंग्लंड-वेल्समध्ये मानसिक आरोग्यासाठी भरणारे मोफत डुंबण्याचे मेळावेही आहेत. तिथे पोहायचं बंधन नसतं, पाय बुडवले तरी चालतं.

मुसळधार पाऊस होऊन गेला तर दुसऱ्या दिवशी नदीत उतरावं का?
— एक वाचक, बाथ

नको. निदान दोन दिवस थांबा. जोराच्या पावसात सांडपाण्याच्या वाहिन्या नदीत सोडल्या जातात, शेतातलं शेणमूतही वाहून येतं. पाणी गढूळ असलं की खालचे ओंडके दिसत नाहीत आणि ओढ वाढलेली असते. हातापायावर जखम असेल तर चांगली पट्टी लावा. उंदराच्या मुतातून होणारा लेप्टो तिकडेही आहे. डुंबल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, तर नदीत उतरल्याचं डॉक्टरला आपणहून सांगा.

आम्ही भिशीतल्या पाच मैत्रिणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, मे महिन्यात गंगोत्रीला चाललोय. बुडी मारायचीच असं सगळ्यांनी ठरवलंय. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पुणे

परदेशातल्या पत्रांत तुमचं पत्र बघून बरं वाटलं. गोमुख, म्हणजे भागीरथीचा हिमनदीतला उगम, तिथून सुमारे १८ किलोमीटरवर. मे महिन्यातही ते वितळलेलं बर्फच वाहत असतं. वर उंची ३,१०० मीटरच्या घरात, म्हणजे दम आधीच लागलेला. पोचल्या पोचल्या घाटावर जाऊ नका. एक रात्र विश्रांती घ्या, दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर उतरा. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, उपाशी जाऊ नका.

बुडीऐवजी तांब्या घ्या. पायरीवर बसून आधी पावलांवर, मग हातांवर, खांद्यांवर आणि शेवटी डोक्यावर घ्या. श्वास सोडत सोडत. एकदम डोक्यावर ओतलं की चक्कर येते. पाण्यात उतरायचंच असेल तर गुडघ्यापर्यंत, लोखंडी साखळी धरून. एकमेकींचे हात धरून साखळी करू नका. भागीरथीच्या ओढीत एकीचा पाय सुटला की ती दुसरीला घेऊन जाते. पाच जणींपैकी दोघींनी काठावर कोरडं थांबायचं, टॉवेल उघडून. मग पाळी बदला.

नऊवारी-सहावारी नेसून उतरू नका. ओलं लुगडं पायांत गुंततं आणि वाऱ्यात अंगाला चिकटून ऊब ओढून घेतं. सुती गाऊन बरा. एकूण अर्धं मिनिट, की बाहेर. ओलं घाटावरच बदला, खोलीवर जाऊन नाही. आणि वर नाडीबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा.

निओप्रीनच्या बुटांना असा वास मारतो की नवऱ्याने ते बाल्कनीत काढलेत. काय करू?
— एक वाचक, कार्डिफ

प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून खळबळून धुवा, उलटे करा आणि सावलीत वाळवा. रेडिएटरवर ठेवले तर निओप्रीन कडक होऊन शिवणीशी फाटतं. वास मुरलाच असेल तर कोमट पाण्यात थोडा साधा शाम्पू घालून अर्धा तास भिजत ठेवा. ब्लीच नको. आणि ओले बूट गाडीच्या डिकीत रविवार ते रविवार तसेच राहत असतील, तर बाल्कनी योग्यच आहे.